नुसत्या मातीचं सारवण

गुरं गेल्यावर त्या घरात पहिली कमी जाणवली ती आवाजाची आणि दुसरी शेणाची. आवाजाबद्दल कुणी बोललं नाही. शेणाचं मात्र सुनेला रोज दिसत होतं, कारण घरातली जमीन सारवणं तिच्याकडे होतं. आधी उंबऱ्याजवळ पोपडे निघाले, मग चुलीपुढे तडा गेला, आणि तो तडा हळूहळू सरकत म्हाताऱ्याच्या खाटेखाली शिरला. ती झाडायची तेव्हा केरात जमीनच यायची.

साथ आली ती पाऊस सरता सरता. सकाळी गाय पाण्याला तोंड लावायची नाही, दुपारी घसा सुजायचा, दुसऱ्या दिवशी आडवी. गुरांचा डॉक्टर आला, टोचून गेला. टोचलेली गेली आणि न टोचलेलीही गेली, त्यात साथीनं दुजाभाव केला नाही. शेवटी खोदायचं यंत्र आलं. ओढ्यापलीकडे एका दुपारीत खड्डा निघाला आणि म्हाताऱ्यानं उभं आयुष्य घालून वाढवलेला कळप त्यात गेला, वरून चुना. म्हातारा काठावर उभा होता. तो एकेकीला नावानं हाक मारेल असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यानं हाक मारली नाही. घरी येऊन हातपाय धुतले, खाटेवर बसला, आणि जेवणखाण, परसाकडे जाणं एवढं सोडलं तर अजून तिथंच बसलेला होता.

घरात माणसं तीन. म्हातारा, ज्याला मुलगा आणि सून आबा म्हणत. मुलगा, ज्याला सगळी वस्ती रेडिओ म्हणे. दुःखानं काही माणसांची वाचा बसते, याची सुटली होती. खड्डा बुजवला जात असताना तो यंत्रवाल्याला यंत्र एका लिटरला किती चालतं ते विचारत होता. आणि तिसरी सून. तिला टोपणनाव नव्हतं, कारण तिनं कधी कुणाला तेवढी संधी दिली नव्हती. ती कामाला होती. गुरं असताना होती आणि नसतानाही होती.

घरामागे टेकाड होतं. घर आणि टेकाड यांच्या मधे, उताराला, गुरांचं वाडगं: भोवती काट्यांचं कुंपण, आत बांधायचे खांब, दाराला आडवा ओंडका. खांब गुरांच्या माना घासून घासून गुळगुळीत झालेले. डॉक्टर सांगून गेला होता की वाडगं मोकळं ठेवा, उन्हात तापू द्या. ते मोकळं ठेवायला काही करावं लागत नव्हतं.

थंडी पडायला लागली तशा टेकाडावर पुरातत्त्वाच्या मॅडम आल्या. तंबू आले, दोऱ्या आल्या, चाळण्या आल्या, आणि एवढेसे ब्रश. टेकाडाचे चौकोन पाडून त्यांनी खणायला घेतलं. मजुरीला वस्तीतलीच माणसं घेतली, वर एक मुकादम नेमला. रेडिओ कुदळीवर, सून चाळणीवर.

"यंत्रवाल्यानं एका दुपारीत हत्ती पुरेल एवढं काढलं," रेडिओ पहिल्या आठवड्यातच म्हणाला, "आणि या बाई अजून गुडघाभरात आहेत. जेवायचा ब्रशही वेगळा असेल यांचा."

मजूर हसले. मॅडमही हसल्या. उंच, उन्हानं भाजलेल्या, पायात पुरुषी बूट. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना बसवून सांगितलं, आपण काय शोधतोय ते. माणसानं पहिल्यांदा गुरं बांधली कधी, दाणा पेरला कधी. फिरतं माणूस एका जागी बसलं कसं. तसली माणसं या टेकाडावर राहायची.

"सापडली की त्यांना विचारा," रेडिओ म्हणाला, "आमची गुरं कुठं गेली म्हणावं."

या वेळी कुणी हसलं नाही. मॅडम आपल्या बुटांकडे बघत म्हणाल्या, "मला सांगितलंय मुकादमांनी. वाईट झालं." मुकादम घाईनं उठला आणि सुट्टी संपली.

हंगाम सरत आला तेव्हा जमीन लागली. जमीन म्हणजे घराची जमीन. गोल झोपडीची, चोपून केलेली, मधोमध चूल, आणि एका बाजूला खांबांची दोन भोकं, जिथं दार असणार. त्या भोकांत मॅडमनी लाल खुंट्या ठोकल्या. स्वतः पालथ्या पडून त्यांनी ती जमीन झाडली, कुणाला हात लावू दिला नाही. उठल्या तेव्हा हनुवटीपासून पोटापर्यंत मातीनं भरलेल्या होत्या आणि घरी कार्य असल्यासारख्या हसत होत्या.

"ही एकदम वाळायला नको," त्यांनी सुनेला सांगितलं. "सकाळी ऊन यायच्या आत ताडपत्री काढायची, पाण्याचा बारीक फवारा द्यायचा, परत झाकायचं. तुमचं घर जवळ आहे. आणि तुमचा हात हलका आहे, ताई."

हात हलका आहे असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ती घरी येऊन हे सांगणार होती, पण रेडिओ बोलत होता, तेव्हा राहून गेलं.

त्याच आठवड्यात दुधाची गाडी रस्त्याला थांबली. गाडीवाला हाक मारत घराशी आला. म्हाताऱ्याच्या बहिणीचा, रेडिओच्या आत्याचा निरोप होता.

"दोन कालवडी आहेत म्हणाली. अर्धलीनं घेऊन जा. वाढवायच्या तुम्ही, पहिलं वासरू तिचं, दुसरं तुमचं. तिच्याकडचा चारा संपत आलाय, तेव्हा हो की नाही ते लवकर कळवा म्हणाली. आणि वाडगं झाडून ठेवा म्हणाली."

म्हातारा ऐकत होता. गाडीवाला उत्तराची वाट बघत उभा राहिला, मग चहा पिऊन गेला.

आणि योग असा की दुसऱ्याच दिवशी मॅडम स्वतः घरी आल्या. खाटेसमोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, त्या लोकांची वस्ती टेकाडाखाली उतरत आलेली दिसते, अगदी वाडग्याखालपर्यंत. पुढच्या हंगामात तिथं खणू द्याल का? "सध्या रिकामं आहे म्हणून विचारते," त्या म्हणाल्या, आणि म्हटल्यावर त्यांना कसंतरी झालं असावं, कारण त्या लगेच उठल्या.

म्हणजे जागा एक आणि विचारणारी दोन. जिवंत कालवडी की मेलेली माणसं, एवढाच प्रश्न होता. रेडिओचा कौल मॅडमना.

"कामाचं बघा ना," तो रात्रीच्या जेवणावर म्हणाला. "मरत नाही, सुजत नाही, डॉक्टर लागत नाही. माती काय, बसलेली असते आपली. आत्याला काय जातंय? परत ते सगळं, परत पहाटे उठा, परत... आणि रोग मातीत राहतो म्हणतात, तो यंत्रवालासुद्धा म्हणाला."

सुनेला कालवडी हव्या होत्या. सरळ सांगायचं तर तिला दुसरं काहीच नको होतं. तिला त्यांची तोंडं कशी असतील याचं घेणंदेणं नव्हतं. दाराशी काहीतरी उभं असावं, त्यानं श्वास सोडावा, सकाळी पाटीभर शेण निघावं, एवढंच.

"आबा, गाडीवाला परत येईल," ती म्हणाली. "काय सांगू?"

म्हातारा खाटेचा सुंभ बोटांनी चाचपत होता. "काही नको सांगू."

"म्हणजे नको?"

"म्हणजे काही नको सांगू." मग तो म्हणाला, "मला परत कुणाला हाका मारायच्या नाहीत."

रेडिओनं जिंकल्यासारखं ताट उचललं. पण त्याचंही जेवण ताटातच होतं.

आत्या निरोपावर थांबणारी बाई नव्हती. उत्तर नाही मिळालं तर ती स्वतःच येणार आणि कालवडींआधी घर बघणार, हे सून जाणून होती. भेगा पडलेल्या जमिनीवर तिला बसवायचं कसं? घरामागे गोवऱ्यांची उतरंड होती, साथीच्या आधी थापलेली. चुलीत घालून घालून तिचा तळ दिसायला लागला होता. सुनेनं संध्याकाळी उरलेल्या सगळ्या गोवऱ्या फोडून बादलीत भिजत घातल्या. ओल्या शेणाची सर येत नाही, पण उंबरा आणि चुलीपुढचं तरी होईल. त्यांच्या गुरांचं जगात जे काही उरलं होतं, ते त्या बादलीत होतं.

सकाळी ती दोन बादल्या घेऊन टेकाडावर गेली. एकीत फवाऱ्याचं पाणी, दुसरीत भिजलेलं शेण. चाळणीखाली पडलेली माती पिठासारखी असते, सारवणाला त्याहून चांगली माती मिळणार नाही, आणि ती फुकट होती. तिनं ढिगाशीच शेणात माती घातली, पाणी घातलं, हातानं फेटलं. गुठळ्या बोटांत फोडल्या. मग घरी जायच्या आधी मॅडमचं काम उरकावं म्हणून ताडपत्री काढली.

चुलीजवळ जमिनीला तडा गेला होता. केसाएवढा. तसाच दुसरा, पलीकडे.

ती खाली बसली. आता यात तिनं काय विचार केला असं कुणी विचारलं, आणि नंतर पुष्कळांनी विचारलं, तर तिला सांगता आलं नाही. विचार केलाच नव्हता. तड्यावर बोट फिरवलं, बोट भिजलेलं होतं, तडा बुजला. मग दुसरा. मग तळहात पडला आणि आपसूक अर्धा गोल फिरला. डावा गुडघा मागे, उजवा गुडघा मागे, बादली ओढायची, परत हात. महिनोन्महिने आखडलेले खांदे सुटले. थंड चिखल कोपरापर्यंत चढला. शेणाचा वास आला, फिका, पण ओळखीचा. चुलीच्या भोवतीचं झालं, भिंतीकडचं झालं, आणि सारवणारी बाई जशी मागे मागे सरत दारातून बाहेर पडते, तशी ती दोन लाल खुंट्यांच्या मधून बाहेर पडली. मग उठून कमरेवर हात ठेवून बघितलं. जमीन छान झाली होती.

मुकादमानं ती बघितली तेव्हा त्याच्या तोंडून शब्दच फुटेना, आणि फुटले तेव्हा आवरेनात. तिला काय काय म्हणाला ते इथं सांगण्यात अर्थ नाही. मॅडम धावत आल्या. त्या ओरडल्या नाहीत, हेच वाईट झालं. खड्ड्याच्या काठावर बसल्या आणि दोन्ही हात मांड्यांवर ठेवून ओल्या जमिनीकडे बघत राहिल्या.

"ताई," त्या शेवटी म्हणाल्या, "हजारो वर्षं हिला कुणाचा हात लागला नव्हता."

"म्हणूनच तडे गेले होते," सून म्हणाली.

ती थट्टा करत नव्हती. पण मागे उभे असलेले मजूर फिसकले. "आता पाहुण्यांना बोलवा," एकजण म्हणाला. "उंबराही करून टाकायचा होतास," दुसरा म्हणाला. त्या हसण्यात तिला एक हसणं ओळखीचं वाटलं. तिनं मान वर केली. तिचा नवरा हसत होता, दुसऱ्यांहून थोडं जोरात. नजरानजर झाली तशी त्यानं कुदळ उचलली आणि त्या दिवशी रेडिओ बंद राहिला.

मुकादमानं तिच्या हातात थापी दिली. "खरवड. सगळं खरवडून काढ. आणि खालच्याला धक्का लागला तर बघ." वरचं काढून खालच्याला धक्का लागणार नाही असं सारवण जगात नसतं, ते जमिनीत मुरण्यासाठीच असतं, हे त्यालाही ठाऊक असावं. पण त्याला काहीतरी म्हणायचं होतं.

ती खरवडत बसली. ऊन चढलं. वाळलेल्या चिखलानं हाताची कातडी ओढली जात होती, नखांत माती. सगळे येता जाता बघत होते. तिला लाज वाटत होती का? वाटत असेल. तिला फक्त एवढं कळत होतं की शेवटचं शेण गेलं आणि घरचा उंबरा तसाच राहिला.

कुणीतरी शेजारी बसलं. मोठे, हाडं वर आलेले पाय. म्हातारा खाटेवरून उठून, वाडगं ओलांडून, टेकाड चढून आला होता. त्याला कुणी सांगितलं, देव जाणे. त्यानं पाटी पुढे ओढली आणि नखांनी, हळू हळू, खरवडायला लागला.

"आबा, तुम्ही नका."

"गप."

दोघांनी मिळून पाटी भरली. मुकादमानं ती ढिगावर ओतायला लावली. म्हाताऱ्यानंच नेऊन ओतली.

दुपारी मॅडम निर्णयाला आल्या. वरचा पृष्ठभाग तर खराब झालाच होता, हंगामाचे दिवस उरले नव्हते, तेव्हा जमीन उभीच कापून बघायची. एरवी हे त्यांनी पुढच्या वर्षावर ठेवलं असतं. साबणाची वडी कापावी तशी त्यांनी चुलीशेजारून जमीन कापली, कडा साफ केली, वर पाणी फवारलं. आणि तिथंच थांबल्या.

"ताई, इकडे या," त्या म्हणाल्या. आवाज अजून कोरडाच होता. "आजोबा, तुम्हीपण."

कापलेल्या कडेत रेघा होत्या. एकीवर एक, बोटाच्या नखाएवढ्या जाड. खालपासून काळपट, काळपट, काळपट.

"ही एकेक रेघ म्हणजे एकेक सारवण," मॅडम म्हणाल्या. "काळपट आहे कारण त्यात शेण आहे. म्हणजे यांच्याकडे गुरं होती. हेच शोधत होतो आम्ही."

म्हातारा गुडघ्यांवर हात टेकून वाकला. वर, काळपट रेघांच्या वर, रंग बदलला होता.

"हे फिकं काय आहे?"

"शेण नाही त्यात. नुसती माती."

"का?"

"माहीत नाही. गुरं दुसरीकडे नेली असतील. विकली असतील. मेली असतील. माती तेवढं सांगत नाही." मॅडम एकदम थांबल्या आणि त्याच्याकडे बघायला लागल्या.

म्हाताऱ्याचं लक्ष नव्हतं. तो फिक्या रेघा बघत होता. एक नव्हती, बऱ्याच होत्या. "किती दिवस असे काढले असतील त्यांनी?"

"सांगता येत नाही. वर्षातून कितीदा सारवायचे ते कळलं तर..." मॅडमनी सुनेकडे बघितलं.

"कुणी यायचं असेल तेव्हा," सून म्हणाली. "नाहीतर सवड मिळेल तेव्हा."

मॅडमना हसू आलं, त्यांनी ते येऊ दिलं.

"पण सारवत होते," म्हातारा म्हणाला.

"हो."

"काही नसताना सारवत होते."

"हो, आजोबा. सारवत होते." मॅडमनी फिक्या रेघांच्या वरती, अगदी माथ्याला, थापीचं टोक नेलं. तिथं, सुनेनं खराब केलेल्या पृष्ठभागाच्या लगेच खाली, एक जुनीच रेघ परत काळपट होती.

म्हाताऱ्यानं ती बघितली. जाताना मॅडम सुनेला म्हणाल्या, "मी चिडलेली आहे. अजून काही दिवस राहीन. उद्यापासून तुम्ही फक्त चाळणीवर." हे तिला बरं वाटलं. कुणी खरं बोललं की माणसाला उभं राहायला जागा मिळते.

गाडीवाला परत आला तेव्हा तंबू उतरत होते. त्यानं हाक मारायच्या आत म्हातारा रस्त्यावर जाऊन उभा होता. सून पाठोपाठ गेली.

"सांग माझ्या बहिणीला," म्हातारा म्हणाला, "या साली नको."

सुनेनं डोळे मिटले.

"चारा नाही माझ्याकडे. आणि धीर पण नाही. तिच्या कालवडी तिनंच वाढवाव्यात. पण नको म्हणालो असं नको सांगू. या साली नको म्हणालो असं सांग. त्या व्याल्या की एक वासरू माझ्या नावचं बांध म्हणावं. मी येऊन बघून जाईन."

गाडीवाल्यानं दोनदा म्हणवून घेतलं, नीट पाठ केलं आणि गेला.

म्हातारा घरी आला नाही. पहार घेऊन वाडग्यात शिरला. गुळगुळीत खांब एकेक करून हलवले, उपटले, खांद्यावर घेऊन घरामागे, पावसाला लागणार नाहीत असे, वळचणीला रचले. दाराचा ओंडका शेवटी. रेडिओ मधेच आला, काही न विचारता दुसऱ्या टोकाला हात लावला, आणि बापलेकांनी तो ओंडका आत नेला.

"मॅडमना सांग, वाडगं खणा," म्हातारा मुलाला म्हणाला. "त्या मातीत गुरं परत बांधायची नाहीत. पलीकडे, निंबाऱ्याच्या झाडाच्या अंगाला बघू जागा." मग उंबऱ्यापाशी थांबून आत बघितलं. "पोरी, घर सारव."

"शेण नाही, आबा."

"माहीत आहे."

तिनं चाळणीखालची माती आणली. पाणी घातलं, फेटली. नुसती माती हाताला वेगळीच लागते, धरून राहत नाही, बोटांतून निसटते. खाट बाहेर काढली. तिच्याखालचा तडा बुजवला, चुलीपुढचा बुजवला. तळहात अर्धा गोल फिरत राहिला. गुडघे मागे मागे सरत ती उंबऱ्याशी आली, उंबरा केला, आणि बाहेर येऊन उभी राहिली. घर आतून फिकं, अनोळखी दिसत होतं.

रेडिओ दाराशी येऊन वाकला, नाक आत घातलं.

"वास येत नाही गं," तो म्हणाला. बाकी काही म्हणाला नाही.

त्या चार शब्दांवर तिला रडू फुटलं. खड्डा बुजवला तेव्हा आलं नव्हतं, थापीनं खरवडताना आलं नव्हतं, ते आता आलं आणि थांबेना. हात मातीचे, त्यामुळे तोंड झाकायलाही काही नव्हतं. नवरा शेजारी आला. त्याला काय करावं कळेना, त्यानं तिचं मातीचं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं.

म्हातारा अंगणात खाटेच्या कडेला अनवाणी उभा होता.

"आत पाय नका घालू कुणी," तो म्हणाला. "वाळू दे."

तिघंही बाहेर थांबले.